जेऊरच्या बोटीतला प्ले

रशीदभाई, भाभींशी मी खोटं बोलले. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तुम्हाला कब्रस्तानात पोचवून माणसं परत आली, तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. बाहेर तुमच्याच गोष्टी चालल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, एकतीस वर्षं लेथवर काढली, पण या माणसाचं एक काम कधी परत आलं नाही. ते ऐकून भाभींनी मान वर केली आणि मला विचारलं, "ताई, वो जेऊर का काम हुआ ना? उसकीच फिकर में थे उनो."

"झालं, भाभी," मी म्हणाले. "एकदम झालं."

झालं नव्हतं. परत आलं होतं. आणि तुम्ही गेलात त्या शनिवारी सकाळीही ते तसंच पडून होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि माने सरांना. खरं तर तुमची याआधीही दोन-तीन कामं परत आली होती. पण ती दुसऱ्यांदा गेली ती नीट होऊन गेली, म्हणून कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. हे एकच मधल्या मधे राहिलं. भाभींना दिलेला शब्द खोटा ठेवायचा नसेल तर ते आता मलाच पुरं करायचं होतं.

आपल्या वर्कशॉपात बिघाड पहिल्यापासून सांगायची पद्धत आहे. मधूनच सुरुवात केली की तुम्हीच हात वर करायचात, "ताई, पैलेसे." म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही सांगते.

माने सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि जेऊरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या आपल्या शेतावर राहायला गेले. तिथं त्यांनी मुंबईहून ट्रकवर घालून एक जुनी शिडाची बोट आणली. त्यांना वारा कळतो, नट-बोल्ट कळत नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलं की सोलापुरात अक्कलकोट रोडला एक बाई लूमचे शाफ्ट आणि गिअर दुरुस्त करते. आपण उभ्या जन्मात बोटीला हात लावलेला नव्हता. मी नाही म्हणणार होते. तुम्ही म्हणालात, "चाक हाय, चेन हाय, तार हाय. पाण्यात हाय एवढंच की. चला."

मोहोळपर्यंत तुम्ही टेम्पोत झोपलात. मोहोळला चहा घेतलात आणि तिथून जेऊरपर्यंत तुम्हाला पोहता येत नाही हे मला चार वेळा सांगितलंत.

"काठाला पाणी गुडघ्याएवढं आहे," मी म्हणाले.

"गुडघ्याएवढ्या पाण्यात बी माणूस मरतो, ताई. पेपरात येतं."

सरांनी दिलेलं ते नारिंगी जाकीट तुम्ही शेताच्या बांधावरच अंगात चढवलंत आणि पट्टे आवळलेत. जाळं निवडत बसलेला कोळी हसायला लागला. "चाचा, बोट लई लांब हाय की अजून. आत्ताच कशाला घातलं?"

"तू तुझी मासळी बघ," तुम्ही म्हणालात, आणि ऐटीत चिखल तुडवत पुढे गेलात.

बोटीवर सरांनी आपल्याला चाक दाखवलं. बसच्या स्टिअरिंगपेक्षा मोठं, एका खांबावर उभं. त्या खांबाच्या आतून चेन खाली जाते, चेनला तारा जोडलेल्या, त्या खाली दोन कप्प्यांवरून वळून मागे जातात आणि सुकाणूच्या दांड्यावर बसवलेल्या एका लोखंडी तुकड्याला ओढतात. तो तुकडा उघडलेल्या हातपंख्यासारखा दिसतो, म्हणून आपण त्याला पंखाच म्हणायला लागलो. चाक फिरलं की पंखा फिरायचा, पंखा फिरला की पाण्यातलं सुकाणू.

"चाक चार बोटं फिरवलं तरी बोटीला पत्ता नसतो," सर म्हणाले. "नुसता प्ले."

"आमच्या घरात माझं बी तसंच हाय, सर."

सर हसले, पण त्यांना खरोखरच काळजी होती. पाणी उतरत चाललं होतं. उन्हाळ्याआधी बोट खोल पाण्यात नेऊन बांधायची होती आणि वाटेत धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती होत्या. दोन भिंतींच्या मधून वाट. वारा मागून असला की बोट डावी-उजवी झोकांड्या खाते, आणि ज्या चाकाला चार बोटं प्ले आहे ते तिला वेळेवर सावरू शकत नाही. तिथं एक भिंत लागली असती तर बोट फुटली असती.

तुम्ही चाक हलवून पाहिलंत, खाली वाकून तार दाबून पाहिलीत आणि निकाल दिलात. तार ढिली. मी मागे जाऊन पंखा पाहिला आणि माझा निकाल दिला. चावी. पंखा आणि दांडा यांना एकमेकांत पक्कं धरणारा तो बोटाएवढा पोलादी तुकडा झिजला असणार, दुसरं काय.

"मागचं उघडू या, रशीदभाई."

"तुमी बायका एक डबा उघडला की अख्खं कपाट बाहेर काढता. तार आवळा, विषय संपला."

"आणि चावी असली तर?"

"चावी असली तर मी लेथ सोडून भजी तळीन."

आपण तिथं चुकलो, रशीदभाई. तार की चावी, ही चूक त्यानंतरची. आपल्या दोघांची एक रीत होती. एकाने हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवून बघायचं, कुठं हालचाल आत जाते आणि बाहेर येत नाही. ती रीत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तुम्हाला शिकवली आणि तुम्ही मला. वर्कशॉपात एवढ्या वर्षांत ती आपण कधी चुकवली नाही. त्या दिवशी मात्र तुम्ही पुढे चाकापाशी उभे राहिलात, मी मागे पंख्यापाशी, आणि दोघांनी आपापली जागा सोडली नाही. सर बिचारे मधे बसून आपल्याकडे आळीपाळीने बघत होते.

तुम्ही तार आवळलीत. प्ले गेला. सरांनी आग्रहाने जेवायला वाढलं, परत येताना तुम्ही जेऊर ते मोहोळ गाणं म्हणत आलात. माझा चेहरा बघून तुम्हाला आणखी मजा येत होती.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाशी बोलत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ते मी करायला नको होतं. सर म्हणाले, चाक जड झालंय आणि प्ले परत आलाय, पहिल्यापेक्षा जास्त. मग म्हणाले, "रशीदभाईंना हे काम झेपलेलं दिसत नाही." तुम्ही लेथच्या चकमध्ये शाफ्ट बसवत होता. तुम्ही मान वळवली नाहीत, पण तुमचा हात थांबला.

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चहा घेऊन पलीकडच्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊन बसायचात. मीही काही कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने हाताखालच्या महादेवला चावी झिजल्यावर काय होतं ते समजावून सांगितलं. शुक्रवारी जाताना तुम्ही दारात थांबलात. म्हणालात, "इतवारी जाऊ. मागचं उघडू." एवढंच. मी म्हणाले, "सात वाजता निघू." मीही एवढंच.

त्याच आठवड्यात तुम्ही छाती चोळत होता आणि गॅस आहे म्हणालात. मी म्हणाले, डॉक्टरकडे जा, ईसीजीची पट्टी काढून घ्या. तुम्ही हो म्हणालात, मी सोडून दिलं. चावीसाठी मी तुमच्याशी दोन दिवस भांडले आणि छातीसाठी एकदाच बोलले. हे मी माझ्या मनाशी सारखं मांडत बसणार नाही, त्याने काही दुरुस्त होत नाही. पण घडलं ते असं, आणि ते इथं लिहिलेलं असावं.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या बुधवारी सरांचा पुन्हा फोन. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. मग म्हणाले, "तुम्ही आता या कामाचा त्रास घेऊ नका. पुण्याहून एक जण सोमवारी येतोय."

"सोमवारी त्याला येऊ द्या, सर. चहा प्यायला," मी म्हणाले. "काम आमचं आहे. रविवारपर्यंत होईल."

"तुम्ही एकट्या?"

"एकटी कशी? तुम्ही आहात की."

गुरुवारी पहाटे निघाले. रडायचं ते मोहोळच्या अलीकडे टेम्पो कडेला लावून रडून घेतलं आणि तोंड धुऊन पुढे गेले. चहा घेतला नाही.

बोटीवर गेल्यावर पहिल्यांदा मी मागचं सुकाणू दोराने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधलं. ते हलणारच नाही म्हटल्यावर चाक जेवढं फिरेल तेवढा सगळा प्ले. सरांना चाकावर उभं केलं आणि सांगितलं, जोर लावायचा नाही. डावीकडे अडेपर्यंत, उजवीकडे अडेपर्यंत, सावकाश, मी थांबा म्हणेपर्यंत. सर शिकवणारे असले तरी सांगितलेलं ऐकतात. मी झाकण उघडून पोटावर आत शिरले. तोंडात टॉर्च, हातात खडू.

पहिल्यांदा माझी लाडकी चावी. दांड्यावरून पंख्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली. चावी झिजलेली असती तर पंखा दांड्यावर किंचित सरकला असता आणि रेघ मधे तुटली असती. सर चाक फिरवत राहिले. रेघ तुटेना. मी चष्मा पुसला. रेघ तुटेना. पंखा दांड्यावर ओतून काढल्यासारखा पक्का होता. चावीला काहीही झालेलं नव्हतं.

दोन दिवस तुमचं डोकं खाल्लं होतं मी त्या चावीवरून.

मग तार. तार तुम्ही आवळली होती तशीच होती, सुटलेली नव्हती. मग कप्प्या. कप्पीच्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि बोट हललं. खिळा कप्पीत ढिला नव्हता. कप्पीसकट खिळा हलत होता, खिळ्यासकट ज्या पत्र्यावर तो बसवलाय तो पत्रा, पत्र्यासकट बोल्ट. सगळं दीड-दोन सूत, पाव इंचभर, मागे जात होतं आणि परत येत होतं. "सर, थांबा," मी म्हणाले. "सर, फिरवा." पुन्हा तेच. तिथं दोन सूत म्हणजे वर चाकाच्या कडेला आरामात चार बोटं.

पत्रा वरच्या तक्तपोशीला खालून बोल्टने बांधलेला होता. दिसायला गुळगुळीत, पांढरं फायबर. मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. आत प्लायवूड होतं. कधीतरी बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं असणार, आतून पार कुजलेलं.

त्या अंधारात पालथं पडून मला आपल्या दोघांचं हसू आलं. तुम्ही आणि मी लूमची माणसं. लूमचा सांगाडा बिडाचा आणि तो काँक्रीटच्या जमिनीत पुरलेला. उभ्या आयुष्यात आपण जे हलतं त्यातच बिघाड शोधला. ज्यावर ते उभं आहे तेच हलत असेल असं आपल्या मनात येणं शक्य नव्हतं. तुम्ही तार आवळलीत तेव्हा तिने त्या कुजक्या लाकडाला आणखी ओढलं. पंधरा दिवस ताण राहिला, लाकूड आणखी चिरडलं आणि प्ले वाढला. तुम्ही चुकीचं आवळलं असं नाही. कुजक्या लाकडावर काहीही आवळलं असतं तरी तेच झालं असतं. माझी चावी बदलली असती तर चार दिवस खर्ची पडून प्ले जिथल्या तिथे राहिला असता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं कुजकं लाकूड खरवडून काढलं. सरांनी वाळायला हॅलोजनचा दिवा लावून ठेवला.

शुक्रवारी मला चार बुश लागणार होते. बोल्टभोवती पोलादी नळी असली की कितीही आवळलं तरी दाब नळीवर येतो, लाकूड चिरडत नाही. बुश म्हणजे लेथचं काम, आणि लेथ म्हणजे तुमचा. तुमच्या मशिनला महादेव हात लावेना. "ताई, राहू द्या की थोडे दिवस. बाहेरून करून आणतो मी." मी म्हणाले, रशीदभाईंचं काम बाहेरून करून आणायचं? मी मशिन सुरू केलं. पहिला बुश वाया गेला, घाईत जास्त कापला. तुम्ही असता तर काही बोलला नसतात, नुसता तो तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला असतात, जसा माझ्या पहिल्या वर्षी रोज ठेवायचात. पुढचे चार बरोबर आले. लांबीला चौघांत फरक नाही, मी तीनदा मोजले.

तेव्हाचं एक तुम्हाला कधी बोलले नाही. अण्णा गेल्यावर मी गल्ल्याच्या खुर्चीत बसायला लागले, तेव्हा येणारा प्रत्येक जण विचारायचा, मालक कुठायत. तुम्ही हातातलं काम न थांबवता कॅलिपरने माझ्याकडे दाखवायचात, "ह्या काय बसल्यात." रोज, वर्षभर. तुम्ही एकदा जरी हसून तसं म्हणाला असतात, तर मी ते दुकान विकून मोकळी झाले असते. तुम्ही हसला नाहीत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

शनिवारी कुजक्याच्या जागी सागाचा ठोकळा बसवला, चारी बाजूंनी इपॉक्सी भरलं. रविवारी सकाळपर्यंत ते दगड झालं. भोकं पाडून बुश बसवले, वर-खाली सहा मिलिमीटरची स्टीलची पट्टी, आणि बोल्ट. मग तुमची तार. ती मी ढिली केली, रशीदभाई. चाक बांधून पंखा हाताने हलवून बघायचा. हलला नाही की पुरे, त्यापुढे एक आटाही द्यायचा नाही. तुम्ही तिला तंबोऱ्यासारखी सुरात लावून ठेवली होतीत. चाक जड झालं होतं ते त्याने. एवढी चूक तुमच्या खात्यावर राहू द्या.

चारच्या सुमाराला सरांनी शीड सोडलं. मागून वारा होता, नेमका नको तो. मी जाकीट घातलं; मलाही पोहता येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "घ्या, तुम्ही धरा."

"मी?"

"दुरुस्त तुम्ही केलंय ना? मग धरा."

मी धरलं. बोट डावीकडे झुकली, मी चाक दोन बोटांनी उजवीकडे नेलं आणि ती लगेच वळली. उशीर नाही, रिकामी जागा नाही. हाताने सांगितलं आणि पाण्यातल्या सुकाणूने ऐकलं. समोर पाण्याबाहेर डोकं काढलेली पहिली भिंत आली, मग दुसरी. दोन्हीवर बगळे बसलेले. मधून गेलो तेव्हा डाव्या हाताचे बगळे उडालेसुद्धा नाहीत. पलीकडे खोल पाण्यात बोट बांधली आणि सरांनी तिथूनच पुण्याच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

"म्हणालो, रशीदभाईंच्या वर्कशॉपने केलं," ते मला म्हणाले. वर्कशॉप माझं आहे. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

सोमवारी नवी पेठेच्या मागे तुमच्या घरी गेले. भाभी इद्दतीत आहेत, तुमच्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही; पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी सरळच सांगितलं, "भाभी, त्या दिवशी मी खोटं बोलले. काम परत आलं होतं. काल झालं. आता खरंच झालं."

भाभींचे हात चालूच होते. "मालूम था मेरे कू," त्या म्हणाल्या. "हुआ रहता तो उनो दो रात खाना छोड के सोते क्या?"

"मग मला विचारलंत कशाला?"

"सब बैठे थे ना वहाँ. तुम क्या बोलतीं देखना था." मग ताटलीतून मान वर न करता, "जुम्मे की रात कू बोले, ताई का चावी का बोलना सही है. मैंच जिद किया. इतवार कू ताई के सामने बोल देता हूँ, बोले. बोल के सो गए."

मी त्यांना सांगितलं की चावी नव्हती. लाकूड होतं. भाभींनी हात थांबवला. "मतलब तुम भी गलत?"

"मीही."

"दोनों?"

"दोघंही."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग तसंच पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिल्या. मी त्यांची ताटली पुढे ओढली आणि उरलेले तांदूळ निवडले.

रशीदभाई, एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यापुढे एकदाही माघार घेतली नाहीत. जी एकदा घेतलीत ती घरी, माझ्या पाठीमागे, आणि तीही नको तिथे. चावीला काही झालेलं नव्हतं. ती माघार मी ठेवून घेणार नाही. तुमची तुम्हाला परत करते आहे.